मदत हवी आहे: एकाच नोंदीतून डॅम्पिंगचे प्रत्येक आवर्तनाला वेगळे उत्तर का येते?

नमस्कार मंडळी,

मी एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची प्रयोगशाळा सांभाळतो. अनेक वर्षे कपाटावर पडून असलेला कंपनाचा संच या सत्रात पुन्हा उभा केला. परंतु त्यावरून काढलेल्या श्यान डॅम्पिंगच्या (म्हणजे तेलासारख्या द्रवाच्या विरोधामुळे कंपन ओसरण्याच्या, पाठ्यपुस्तकात ज्याला अवमंदन म्हणतात त्याच्या) उत्तरांचा मेळ काही केल्या बसत नाही. विद्यार्थ्यांसमोर हा प्रयोग ठेवण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

दोन उभ्या दांड्यांवर पितळी बुशांच्या आधाराने वर-खाली सरकणारी एक लोखंडी पट्टी आहे. तिच्या वर एक आणि खाली एक अशा दोन स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असून, पट्टीला जोडलेला डॅशपॉटचा (तेलाच्या विरोधाने हालचाल मंदावणाऱ्या साधनाचा) पिस्टन तेलाच्या सिलिंडरात बुडलेला आहे. हलणाऱ्या भागांचे वजन ४.८ किलो भरले. दोन्ही स्प्रिंगांचे मिळून ०.६ किलो होते, त्याचा एक तृतीयांश भाग त्यात मिळवून एकूण वस्तुमान ५.० किलो धरले. वजने टाकून मोजलेला दोन्ही स्प्रिंगांचा एकत्रित कडकपणा २००० न्यूटन प्रति मीटर आला. त्यामुळे नैसर्गिक वारंवारता सेकंदाला २० रेडियन, म्हणजे सुमारे ३.२ आवर्तने, आणि क्रांतिक डॅम्पिंग (ज्याच्यापुढे झोके होतच नाहीत ती मर्यादा; वस्तुमान व कडकपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट) २०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येते.

पट्टी दोऱ्याने ३० मिलिमीटर खाली ओढून धरतो आणि हाताचा धक्का लागू नये म्हणून दोरा मेणबत्तीने जाळतो. एलव्हीडीटीवर (विस्थापन मोजणाऱ्या विद्युत संवेदकावर) नोंदलेली लागोपाठची शिखरे मिलिमीटरमध्ये अशी आली: ३०.०, २०.९, १४.२, ९.३, ५.८, ३.२.

पहिल्या दोन शिखरांच्या गुणोत्तराचा लॉग घेतला तर डॅम्पिंग गुणोत्तर (डॅम्पिंगचा गुणांक भागिले क्रांतिक डॅम्पिंग) ०.०५७ येते, शेवटच्या दोन शिखरांवरून ते ०.०९४ येते आणि पाचही आवर्तनांची सरासरी घेतली तर ०.०७१. म्हणजे डॅम्पिंगचा गुणांक ११.५ पासून १८.८ पर्यंत कोठेही धरता येईल! याउलट डॅशपॉटच्या मापांवरून (पिस्टनचा व्यास ४० मिमी, लांबी २० मिमी, सभोवतालची फट ३ मिमी, तेल व्हीजी ४६ या श्यानता श्रेणीचे, घनता ८७० किलो प्रति घनमीटर) नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर उत्तर जेमतेम ५.१ येते. प्रयोग तीन वेळा करून पाहिला, आकडे फारसे हलत नाहीत. माझी नेमकी चूक कोठे होत आहे?

प्रतिसाद १

एक प्राथमिक शंका विचारतो, राग मानू नये. एक्सेलमध्ये नुसते लॉग लिहिले की दहाच्या पायाचा लॉग मिळतो. येथे नैसर्गिक लॉग हवा. आमच्या वर्गात दरवर्षी चार-पाच जण तरी याच खड्ड्यात पडतात.

धागाकर्ता

राग कसला! ते तपासले आहे, लॉग नैसर्गिकच आहे. शिवाय पाया चुकला असता तर सगळी उत्तरे एकाच प्रमाणात चुकली असती, आवर्तनागणिक चढत गेली नसती.

प्रतिसाद २

तुमच्या शेवटच्या वाक्यातच अर्धे उत्तर आहे. डॅम्पिंग निव्वळ श्यान असेल तर लागोपाठच्या शिखरांचे गुणोत्तर आयाम (झोक्याचा आकार) कितीही असला तरी तेच राहते. तुमचे गुणोत्तर आयाम लहान होत जाईल तसे वाढते आहे, आणि हे कोरड्या घर्षणाचे, म्हणजे कूलाँब घर्षणाचे, लक्षण आहे. श्यान बलामुळे एका आवर्तनात खर्च होणारी ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तर कोरड्या घर्षणामुळे खर्च होणारी ऊर्जा नुसत्या आयामाच्या प्रमाणात. म्हणून झोका मोठा असताना तेलाचे राज्य चालते आणि झोका लहान झाला की बुश डोके वर काढतात. पट्टी थांबल्यावर एलव्हीडीटी दर वेळी शून्यावरच येते का, तेवढे पाहून कळवावे.

दोन्ही परिणाम वेगळे काढणे अवघड नाही. घर्षण बलाला कडकपणाने भागले की जे अंतर मिळते, तेवढा समतोलाचा बिंदू प्रत्येक अर्ध्या आवर्तनात हालचालीच्या विरुद्ध बाजूस सरकलेला असतो. हे धरून हिशेब मांडला तर पुढचे शिखर हे मागच्या शिखराच्या ठरावीक पटीतून एक ठरावीक अंतर वजा करून मिळते. तेव्हा आलेखावर आडवे मागचे शिखर आणि उभे पुढचे शिखर घ्यावे. बिंदू सरळ रेषेत पडतील. त्या रेषेचा उतार केवळ श्यान डॅम्पिंगवर ठरतो: उताराचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदलले की खरे लॉग डिक्रिमेंट (लागोपाठच्या शिखरांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग) हाती येते. रेषा उभ्या अक्षाला शून्याखाली जेथे छेदते, त्यावरून घर्षण निघते. ते अंतर म्हणजे समतोलाचे सरकणे गुणिले (एक अधिक उताराचे वर्गमूळ) यांचा वर्ग.

तुमचेच आकडे घेतले तर पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमधून उतार ०.७३१ आणि छेद उणे १.०४ मिमी येतो. म्हणजे डॅम्पिंग गुणोत्तर ०.०५०, गुणांक सुमारे १० आणि घर्षण सुमारे ०.६ न्यूटन. सरासरीच्या ०.०७१ मध्ये बुशांचा वाटा बराच मोठा होता.

आता ५.१ विषयी. व्हीजी ४६ मधील ४६ हा आकडा ४० अंश सेल्सिअसच्या श्यानतेचा असतो. तुमची खोली २५ अंशांवर असेल तर त्या तेलाची श्यानता जवळपास दुप्पट होते आणि उत्तरही १० च्या आसपास जाते. मात्र त्यावरही फार विसंबू नये, कारण त्या सूत्रात फटीचा घन छेदस्थानी आहे. फट ३ ऐवजी २.८ मिमी निघाली तरी गुणांक २० टक्क्यांहून अधिक वाढतो. आणि पिस्टन मधोमध नसून एका बाजूला झुकला असेल तर तो चांगलाच घटतो. माझ्या मते डॅशपॉटचा हिशेब रचना ठरवताना करावा, मोजणीची पडताळणी म्हणून नव्हे.

प्रतिसाद १

याची परीक्षा सोपी आहे. सिलिंडर खाली काढून पिस्टन हवेत तसाच लटकत ठेवा आणि पुन्हा नोंद घ्या. घर्षण ०.६ न्यूटन असेल तर प्रत्येक आवर्तनाला शिखर सुमारे १.२ मिमीने उतरेल (घर्षणाच्या चौपटीला कडकपणाने भागून येते तेवढे), आणि शिखरांना जोडणारी रेषा वक्र न दिसता जवळजवळ सरळ दिसेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी खरोखरच शून्यावर थांबत नव्हती, कधी ०.२ मिमी वर, कधी तितकीच खाली. मी तो एलव्हीडीटीचा दोष समजून प्रत्येक वेळी शून्य नव्याने लावत बसलो होतो! सिलिंडर काढून घेतलेल्या नोंदीत शिखरे ३०.०, २८.७, २७.५, २६.२ अशी उतरली. तेलात बुडवलेला तापमापक २६ अंश दाखवत होता.

बुश उघडले तर आत जुने ग्रीस मेणासारखे घट्ट बसलेले होते. रॉकेलने धुऊन, पातळ तेलाचा हात देऊन पुन्हा जोडले. आता आलेखावरून घर्षण ०.२ न्यूटन येते आणि उतार मात्र ०.७३ वरच राहिला आहे. जुन्या पद्धतीने पाहिले तर पहिल्या आवर्तनावरून ०.०५२ आणि पाचव्यावरून ०.०६० येते, म्हणजे थोडी चढण अजून शिल्लक आहे. ती मी मुद्दामच ठेवणार आहे. विद्यार्थ्यांनी आधी सरासरी काढावी, अडावे, आणि मग आलेखाकडे वळावे. प्रात्यक्षिकाच्या वहीत तेलाच्या तापमानाचा रकाना मात्र आजच वाढवला आहे.