परदेशातून फोन मागवणं खरंच एवढं धोक्याचं आहे का?

पाऊलवाट

परदेशातून फोन मागवतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: नको त्या फंदात पडू नकोस. मला हा सल्ला पटत नाही. माझा पंजा लहान आहे, मला लहान फोन लागतो, आणि तसे फोन कंपन्या मोजक्याच देशांत विकतात. मग जे समोर मांडलंय तेच मुकाट्याने घ्यायचं का?

आतापर्यंत तीन फोन मागवले, तिन्ही नीट चालले. फोनचं नाव बघत बसायचं नाही, मॉडेल क्रमांक बघायचा. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगवेगळे क्रमांक असतात आणि आतला अँटेनाही वेगळा असू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांकापुढे बँडची, म्हणजे फोन ज्या रेडिओ लहरींवर चालतो त्या पट्ट्यांची, यादी असते, ती आपल्या सिम कंपनीच्या बँडशी ताडून पाहायची. फोन कुठल्या नेटवर्कला लॉक केलेला नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्यायचं. पार्सलवर खरी किंमत लिहायला लावायची आणि सीमाशुल्क भरायचं. खोका उघडताना व्हिडिओ काढायचा, *#०६# दाबून आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, १५ आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी जुळवायचे. संध्याकाळभराचा अभ्यास आहे, त्याचा एवढा बाऊ का करतात?

दक्षिणदिशा

तुमची यादी चोख आहे, पण ती फोन घरात येईपर्यंतची. माझं दुखणं त्यानंतरचं आहे.

मीही सगळं तपासूनच मागवला होता. चौदा महिने उत्तम चालला. एक दिवस टेबलावर ठेवलेला फोन टाइप करताना डुगडुगतोय असं वाटलं. डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला तर डाव्या कडेला काच आणि चौकट यांच्यात नखाएवढी फट, आत ताणलेल्या गोंदाचे धागे. बॅटरी फुगली होती. हमी दोन वर्षांची, म्हणजे अजून दहा महिने हातात, पण विकत घेतलेल्या देशात. इथल्या सेवा केंद्राने क्रमांक पाहिला आणि हा आमच्या प्रदेशाचा नाही म्हणून परत केला. विक्रेता भला होता, म्हणाला पाठवून द्या, बदलून देतो. पाठवणार कसा? फुगलेली किंवा बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे. चांगल्या बॅटरीचेही नियम कडक आहेत: सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेणं १ एप्रिल २०१६ पासून बंद आहे. नियम योग्यच आहे, आकाशात आग लागली तर पळणार कुठे. पण माझी हमी कागदावर जिवंत आणि फोन जागेवर अडकलेला. तुम्ही घेतलीत तेवढीच काळजी मीही घेतली होती.

गवाक्ष

वाईट झालं. पण बॅटरी कुठल्याही फोनची फुगते. चांगला कारागीर गाठून पदरच्या पैशांनी बदलून घ्यायची. हमीपायी आपल्याला हवा तो फोनच घ्यायचा नाही, हे मला जास्त महाग वाटतं. माझं मत पाऊलवाट यांच्या बाजूने.

दक्षिणदिशा

बदलून घेतली, फोन आजही चालू आहे. फक्त पाण्यापासून बचाव करणारं सील एकदा उघडल्यावर पूर्वीसारखं बसेलच याची खात्री त्या कारागिरानेही दिली नाही. आणि ज्या देशात ते मॉडेल विकलंच जात नाही, तिथे त्याची बॅटरी, त्याचा स्क्रीन ठेवणार कोण? मला सुटी बॅटरी मिळायला सात आठवडे लागले. सात आठवडे बिनफोनचं राहून पाहा, मग महाग काय ते ठरवा.

ओसरी

पार्सल पुढे पाठवणाऱ्या सेवांबद्दल कुणी बोललं नाही. बरीच दुकानं देशाबाहेर पाठवतच नाहीत, म्हणून लोक अशा सेवेचा परदेशी पत्ता देतात. फोन आधी त्यांच्या गोदामात पोहोचतो, तिथून आपल्याकडे. गोची इथे आहे: दुकानाच्या लेखी फोन गोदामात पोचला त्या दिवशी पोचला. परत करायची मुदत तेव्हापासून मोजली जाते, आणि ती बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांचीच असते. माझा फोन गोदामात आणि सीमाशुल्कात मिळून अठरा दिवस होता. चालू केला तर वरच्या स्पीकरमधून आवाज नाही. मुदत खोका उघडण्याआधीच संपलेली.

दुकान थेट आपल्या पत्त्यावर पाठवत असेल तर मागवा. मध्ये तिसरा आला की मी तरी नाही म्हणेन.

पाऊलवाट

ओसरी, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, आता घातला. माझे तिन्ही फोन दुकानाने थेट पाठवले होते, त्यामुळे ही अडचण कधी समोर आलीच नाही.

दक्षिणदिशा, तुमच्या बाबतीत जे झालं ते मी खोडून काढू शकत नाही. तरी एवढं म्हणेन, की तुमचं नुकसान एका बॅटरीचं आणि सात आठवड्यांचं. माझ्या बाजूला रोज दिवसभर हातात वापरायची वस्तू आहे, चार-पाच वर्षांसाठी. मोठा फोन घेतला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी कायम ठणकायचं. ते मी पुन्हा सोसणार नाही.

निळी_शाई

माझा विरोध वेगळ्या कारणाने. बँड जुळले म्हणजे कॉल लागेल असं नाही. ४जीवरून बोलायला व्होल्टे लागतं, आणि काही सिम कंपन्या ते फक्त आपण तपासलेल्या मॉडेलवरच चालू करतात. जुनं नेटवर्क आहे तोवर हे कळतच नाही, कारण कॉल गुपचूप ३जी किंवा २जीवर जातो. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर उरलेलं ३जी बंद झालं, तेव्हा जे फोन ४जीवरून ००० हा आपत्कालीन क्रमांक लावू शकत नव्हते ते नेटवर्कवरून बंद करणं सिम कंपन्यांना भाग होतं. त्यात परदेशातून आणलेले, इंटरनेट व्यवस्थित चालणारे फोनही सापडले. व्हिडिओ चालतोय, मेसेज जातायत, आणि रुग्णवाहिका बोलवायला फोन लागत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर हा प्रश्न आधी विचारा. उत्तर फोन कंपनीकडे नाही, सिम कंपनीकडे मिळेल.

गवाक्ष

हे पटलं. मी दिलेलं मत अर्धं मागे घेतो. स्वतःसाठी मागवेन, आईसाठी नाही.

रानजाई

सिमचा खणही बघा. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन २०२२ च्या आयफोन १४ पासून बिनखणाचा आहे, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. मामेभावासाठी मागवला, त्याने जुन्या फोनमधून सिम काढून हातात धरलं, सुई घेतली, फोनच्या चारही कडांवरून बोट फिरवलं, भोक कुठेच नाही. त्याच्या सिम कंपनीकडे ई-सिमची सोय होती म्हणून निभावलं.

आणि चीनमधल्या बाजारासाठी बनलेले अँड्रॉइड फोन घेताना जास्तच जपा. त्यांत गूगलच्या सेवा पूर्ण नसतात. काही विक्रेते मधल्या मध्ये दुसरी प्रणाली भरून 'ग्लोबल' म्हणून विकतात. खोक्याचं सील आधीच फुटलेलं असतं, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) उघडा राहिला तर बँकेची अ‍ॅपही चालायला नकार देतात. असा फोन फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

ओसरी

त्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर मागवला तर? कुरिअरचा प्रश्नच मिटला.

पाऊलवाट

ते मला नको वाटतं. विमानतळावर फोन जाहीर करायचा, शुल्क भरायचं, विचारलं तर उत्तरं द्यायची, हे सगळं त्या माणसाच्या गळ्यात पडतं. माझ्या हौसेसाठी दुसऱ्याने रांगेत का उभं राहायचं? शुल्क माझं, पावती माझ्या नावावर, म्हणून मी कुरिअरच पसंत करतो.

दक्षिणदिशा

यावर मात्र आपलं जमलं. एकच विचारतो. आता जो वापरताय, त्याचा स्क्रीन फुटला तर मिळेल का, हे कुठल्या सेवा केंद्रात विचारलंय?

पाऊलवाट

नाही विचारलेलं. उद्या मॉडेल क्रमांक घेऊन जातो आणि काय म्हणाले ते इथेच लिहितो.