मदत हवी आहे: बिलावर वीज कंपनीचं नाव बदललंय, माझी ठेव आता कोणाकडे?

मंडळी, वीज कायद्यातलं कोणाला कळत असेल तर कृपया वाट दाखवा.

पुण्याजवळच्या एका एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) माझं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे. इथे महावितरण नाही, डेव्हलपरचीच कंपनी वीज देते. गेल्या महिन्यात बिल आलं तर वर वेगळंच नाव. मीटर तोच, ग्राहक क्रमांक तोच, लाइनमनही तोच. माझ्या 2 लाख 40 हजारांच्या सुरक्षा ठेवीची पावती मात्र जुन्या नावाची. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "मॅनेजमेंट बदललंय, तुम्हाला काही फरक पडत नाही." लेखी मागितलं, दिलं नाही.

वीज कायदा 2003 चं कलम 17 वाचलं. वीज नियामक आयोगाच्या पूर्वमंजुरीशिवाय वीजवाटपाचा परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, वितरणाची यंत्रणाही (कायद्यातला शब्द 'युटिलिटी') विकता येत नाही. केलाच तर तो करार रद्दबातल. मुंबईत रिलायन्सचा वीज व्यवसाय अदानींकडे गेला तेव्हाही महाराष्ट्र वीज नियामक आयोगाची मंजुरी 28 जून 2018 ला आली, व्यवहार ऑगस्टअखेर पुरा झाला. तिथे धंदा आधी उपकंपनीकडे वळवून मग तिचे शेअर्स विकले होते.

माझं अडतंय ते इथेच. कायद्याच्या व्याख्येत 'युटिलिटी' म्हणजे तारा, यंत्रं, जमीन, इमारती. शेअर्सचं नाव नाही. मालकाने नुसते शेअर्स विकले असतील तरी मंजुरी लागते का? उद्या युनिट हलवलं तर ठेव कोणाकडे मागू? रक्कम माझ्यासाठी मोठी आहे, झोप लागत नाहीये.

प्रतिसाद: आधी पावती आणि नवं बिल शेजारी ठेवून सीआयएन ताडून बघा. कंपनीचा 21 अक्षरी क्रमांक, बिलावर छापावाच लागतो. नुसतं नाव बदललं तर तो बदलत नाही; मग कंपनी तीच आणि ठेवही तिच्याच अंगावर. नुसत्या शेअर्सच्या विक्रीला कलम 17 चे शब्द थेट लागत नाहीत, पण परवान्याच्या अटी वाचल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. सीआयएनमधले शेवटचे सहा आकडे म्हणजे नोंदणी क्रमांक; तेच वेगळे असतील तर कंपनीच दुसरी. परवाना तिच्याकडे गेला असेल तर मंजुरीचा आदेश हवाच. आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा, नाही मिळाला तर माहिती अधिकारात आयोगालाच विचारा. आणि कलम 47 प्रमाणे ठेवीवर व्याज मिळतं, ते यंदा कोणाच्या नावाने जमा झालं तेही बघा.

धागाकर्ता: आत्ताच पाहिलं. शेवटचे सहा आकडे वेगळे आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज आज रात्रीच लिहितो. मनापासून आभार.