मदत हवी आहे: सोनटक्क्याच्या पानावर बेडकाची अंडी, पाण्यात सोडू का?

पागोळी:
आंबोलीच्या अलीकडे, आजरा रस्त्याला आमचं घर आहे. जूनपासून रोज दिवेलागणीला परसात 'टिक् टिक् टिक् टिक्' सुरू होतं ते मध्यरात्रीपर्यंत. सासूबाई म्हणतात रातकिडे, मीही तेच समजत होते. काल लाइट गेली म्हणून बॅटरी घेऊन आवाजाच्या मागावर गेले. आवाज नाकासमोर, पण दिसेना काही. शेवटी मेंदीच्या कुंपणात कमरेएवढ्या उंचीवर सापडला. बेडूक! पण किती, तर अंगठ्याच्या पेरात मावेल एवढा. तपकिरी अंग, गळ्याखाली फुगा, आणि फुगा असा पातळ की बॅटरीचा उजेड आरपार जात होता.

आज सकाळी त्याच्या शेजारच्या सोनटक्क्याच्या पानावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटलेले दिसले. मोजले, सतरा. जवळ पाणी नाही, विहीर पार खालच्या अंगाला. लेक तिसरीत आहे, तो आइस्क्रीमच्या डब्यात पाणी भरून तयार बसलाय. पुस्तकात अंडी पाण्यातच असतात म्हणे. त्यात रविवारी कुंपण छाटायला माणूस सांगून ठेवलाय. काय करू? फोटो काढले, पण सगळे हललेत.

झरीकाठ:
मलबारी उडता बेडूक असेल. त्याची अंडी पाण्यावर झुकलेल्या फांदीला असतात, बेडूकमासे खाली टपकतात. पानाखाली बादली ठेवा, झालं.

गडगा:
थांबा, बादली नको! उडत्या बेडकाचं घरटं फेसाचं असतं, ताकावरच्या फेसासारखा पांढरा गोळा. इथे सुटे, काचेसारखे दाणे आहेत. आणि तो बेडूक चांगला तळहातभर, हिरवागार. एवढासा, झुडपात बसून टिकटिकणारा म्हणजे झुडपी बेडूक. बहुतेक रावोर्केस्टेस.

या बेडकांना बेडूकमासा हा टप्पाच नसतो. शेपूट येते, पाय फुटतात, सगळं त्या दाण्याच्या आतच. बाहेर पडतं ते सरळ छोटं बेडूक. म्हणून तर यांना डबकं लागत नाही. पाण्यात बुडवलीत तर अंडी आत गुदमरतील. यांना ओल हवी, पाणी नको. पान तोडू नका, हात लावू नका. कडक ऊन पडलं तरच वरून हलकं पाणी शिंपडा, तेही नळाचं नको, पावसाचं साठवलेलं.

पागोळी:
बापरे, बरं झालं विचारलं. डबा काढून घेतला, लेक रुसलाय. हे रावो-काय ते नाव कुठलं? आणि नक्की जात कुठली?

गडगा:
काय राव, नावातच आहे की! भारतातल्या बेडकांच्या अभ्यासाचा पाया घालणारे सी. आर. नारायण राव, त्यांच्यावरून 2010 साली हा वंश (जातींचा गट) वेगळा केला. आज सत्तरहून जास्त जाती माहीत आहेत, बहुतेक सगळ्या सह्याद्रीतल्या. एक तर केरळातल्या अनामुडी शिखराच्या माथ्यावर सापडते, केशरी रंगाची.

जात मात्र फोटोवरून सांगणार नाही. एकाच जातीतला एक तपकिरी, दुसरा पिवळट, तिसऱ्याच्या पाठीवर पट्टे. रंगावर विश्वास ठेवलात की फसलात. तुमच्या भागात बॉम्बेएन्सिस ही जात असते. नाव मुंबईचं, पण 1919 मध्ये तिचं वर्णन झालं ते कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या नमुन्यावरून. आवाज रेकॉर्ड करा. फोनवर मिनिटभर पुरे, सोबत वेळ आणि पाऊस होता का ते लिहा. ओळख आवाजावरून जास्त पटकन पटते.

कळकाचं बेट:
अवांतर: दक्षिणेकडच्या एका जातीची मादी पोकळ बांबूच्या चिरेतून आत शिरून अंडी घालते, आणि राखण नर करतो. आमच्याकडे बाप लोकांना हे वाचायला द्यायला हवं.

कुंपणाचं बघा मात्र. छाटणी दिवाळीनंतर केली तर काय बिघडतंय? नर ओरडायला तिथेच बसतात.

पागोळी:
अपडेट. छाटणी पुढे ढकलली. माणूस म्हणाला, "वहिनी, बेडकासाठी?" म्हटलं, हो.

तीन आठवडे झाले. सतरातले सहा दाणे पांढरे पडून बुरसले, दोन मुंग्यांनी नेले. उरलेल्यांत शेवटी शेवटी काळे डोळे आणि दुमडलेले पाय भिंग लावून दिसत होते, शेपूट अंगाला गुंडाळलेली. काल सकाळी दाणे रिकामे. लेकाला एक पिल्लू सापडलं, तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं. बोटाजवळ नेलं तर उडी मारून गायब.

आवाज रेकॉर्ड केलाय, पण मागून सासूबाईंची मालिका ऐकू येते. आज परत करते. तो आइस्क्रीमचा डबा पायरीवरच राहिला होता, त्यात डासांच्या अळ्या झाल्या. ओतून टाकला.