मदत हवी आहे: गोळीबार झाला तर गाडीच्या मागे नेमकं कुठे बसायचं? (मुलगा पोलिस ट्रेनिंगमध्ये आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सांता क्लॅरिटामध्ये राहतो, २२ वर्षं झाली. मुलगा इथेच वाढला आणि गेल्या महिन्यात तो शेरिफ डेप्युटीच्या ट्रेनिंगला लागला. आमच्या दोन्हीकडच्या घरात पोलिस किंवा मिलिटरीत कोणीच नाही त्यामुळे मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, सैन्यातले, पोलिसातले किंवा गाड्यांचं इंजिनिअरिंग कळणारे कोणी असाल तर प्लीज वेळ काढून लिहा.

झालं असं की मागच्या शनिवारी तो घरी आला होता. जेवण झाल्यावर ड्राइव्हवेमध्ये ह्यांची जुनी कॅमरी उभी असते तिच्यावर खडूने फुल्या मारायला लागला. म्हणाला आई, जिथे फुली आहे तिथून गोळी आरपार येते असं समज. चारही दारांवर फुल्या, डिकीवर फुल्या, काचांचं तर विचारूच नका. शेवटी राहिलं काय, तर बॉनेटखालचं इंजिन आणि पुढची दोन चाकं. मागच्या चाकांना त्याने नुसता गोल काढला, म्हणजे "नाइलाज असेल तर". मी इतकी वर्षं त्या गाडीत भाजी आणलीय, त्याला शाळेत सोडलंय, मला वाटायचं केवढं लोखंड आहे हे.

मग त्याने माझ्या हातात टॉर्च दिला आणि वीसेक पावलांवर उभं केलं. तो पुढच्या चाकामागे गुडघा टेकून बसला. मी टॉर्च गाडीच्या खालून मारला तर त्याचा डावा गुडघा आणि बुटाचं टोक स्वच्छ दिसलं. मी ओरडलेच, अरे दिसतोयस तू! तो हसला आणि सरकला, पण मला रात्रभर तो गुडघाच दिसत होता.

आणि हे मी उगाच घाबरून लिहीत नाहीये. आमच्या गावातच, न्यूहॉलजवळ, ५ एप्रिल १९७० च्या रात्री बाराच्या सुमारास कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे चार जण अशाच एका थांबवलेल्या गाडीपाशी गेले. रस्त्यावरच्या भांडणात कोणीतरी बंदूक दाखवली अशी तक्रार होती, म्हणून गोर आणि फ्रॅगो या दोघांनी लाल पाँटिअॅक एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबवली. गोर ड्रायव्हरशी बोलत होता, फ्रॅगो पलीकडच्या दाराकडे गेला आणि त्या दारातल्या माणसाने सरळ गोळ्या घातल्या, काही सेकंदात दोघंही गेले. तेवढ्यात पेन्स आणि अॅलिन दुसऱ्या गाडीतून पोचले, पेन्सने रेडिओवर मदत मागितली, दोघांनी आपल्या गाडीचा आधार घेऊन फायर केलं. पेन्स जखमी होता, गाडीच्या आड बसून सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर एकेक काडतूस घालून भरत होता, तेवढ्यात तो माणूस गाडीला वळसा घालून आला. चौघंही गेले, सगळं मिळून साडेचार मिनिटं. चौघांपैकी एकही २५ चा नव्हता, सात मुलं पोरकी झाली. एक साधा रस्त्याने कामावर निघालेला माणूस, गॅरी नेस, गोळ्या चालू असताना गाडी थांबवून धावला, अॅलिनला ओढून बाजूला घ्यायला बघत होता. त्याने पडलेलं पिस्तूल उचलून फायर केलं आणि एका हल्लेखोराला जखमी केलं. इथे हायवेच्या त्या भागाला चौघांची नावं दिलीत, मी रोज तिथून जाते.

मुलगा म्हणतो आई ते जुनं झालं, आता मॅगझिन असतं (गोळ्या आधीच भरलेली पेटी, एका झटक्यात बदलता येते), अंगात बुलेटप्रूफ व्हेस्ट असतं, गाडी थांबवायची पद्धतच बदललीय. मान्य. पण पेन्सच्या बाबतीत गाडी जागेवरच होती ना, तो माणूसच फिरून आला. म्हणून विचारतेय की गाडीचा कुठला भाग खरंच गोळी अडवतो, दाराचा काही तरी उपयोग असतो का, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर? आमची दुसरी गाडी इलेक्ट्रिक आहे, पुढे बॉनेट उघडलं तर रिकामी पेटी, इंजिनच नाही! उद्या पोलिसांना अशाच गाड्या दिल्या तर पोरांनी कशाच्या मागे बसायचं?

कृपया "नोकरी सोडायला सांगा" असं लिहू नका. ते बोलून झालंय.

---

प्रतिसाद: सुभेदार (नि.), सातारा

ताई, नमस्कार. पोरगं फुल्या मारतंय म्हणजे शिकवणारा चांगला आहे, आधी हे लक्षात घ्या.

आमच्याकडे एनसीसीच्या पोरांनाही पहिल्या दिवशी सांगतात, नजरेची आड वेगळी आणि फायरची आड वेगळी. गाडीचं दार म्हणजे नजरेची आड. शत्रूला तुम्ही दिसत नाही एवढंच, गोळीला त्याचं काही नाही. फायरची आड म्हणजे इंजिन, चाकाची रिम, अॅक्सल.

दुसरं, त्याला सांगा गाडीला चिकटून बसू नको. नवशिक्या माणूस भीतीने पत्र्याला पाठ लावून बसतो किंवा बॉनेटवर कोपर टेकवून वरून बघतो. बॉनेटवर तिरकी आलेली गोळी उसळून वर जात नाही, पत्र्याला धरूनच पुढे सरकते आणि नेमकी तोंडावर येते. एक-दोन हात मागे राहायचं, आणि वरून डोकं काढण्यापेक्षा बाजूने बघायचं. डांबरावर लागलेली गोळीसुद्धा जमिनीलगतच पळते, म्हणून तुम्ही टॉर्चने जे बघितलंत ते शंभर टक्के बरोबर बघितलंत. गुडघा, घोटा, बूट सगळं चाकाच्या सावलीत पाहिजे. आणि एकाच चाकामागे बसून राहायचं नाही, पुढची जागा आधी बघून ठेवायची. वळसा घालून येणाऱ्यावर दुसऱ्या जोडीदाराची नजर पाहिजे, एकटा माणूस गोळ्या भरणार कधी आणि बघणार कधी.

---

प्रतिसाद: डेट्रॉइटकर

काकू, मी गाड्यांच्या बॉडी डिझाइनमध्ये आहे. दाराचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आत अपघातासाठी एक आडवा स्टीलचा पाइप, काचेची यंत्रणा, मोटर, लॉक असतं, त्यातल्या एखाद्या गोष्टीवर पिस्तुलाची गोळी आपटली तर अडकेल किंवा वळेल, पण नाही आपटली तर आरपार. त्यावर जीव टाकता येत नाही. दारापेक्षा दाराच्या बिजागऱ्या जिथे बसतात तो खांब बरा, तिथे जाड स्टीलचे थर एकावर एक असतात, पण तो अरुंद आहे. आणि रायफल असेल तर हे सगळं विसरायचं, मग इंजिन.

मुलाच्या खात्यात विचारा दारात बुलेटप्रूफ पॅनेल आहेत का. फोर्डसारखी कंपनी पोलिसांच्या गाड्यांना ती बसवून देते पण तो पर्याय असतो, प्रत्येक खातं घेतंच असं नाही. काचेचं पण त्याला विचारा, पुढची काच तिरकी आणि दोन थरांची असते, बाहेरून आलेली गोळी आत शिरताना खाली वळते, आतून मारलेली वर जाते. बाजूच्या काचा एका गोळीत भुगा.

इलेक्ट्रिकबद्दल तुमची शंका रास्त आहे. पुढे इंजिनाचा ठोकळा नाही म्हणजे तिथे बसायचं नाही. राहिली चाकं, ब्रेकची डिस्क, हब. रिकाम्या पेटीमागे कोणी बसू नये.

---

प्रतिसाद: गिरगावची

काकू, माझे बाबा मुंबई पोलिसात होते. गिरगाव चौपाटीची २६/११ ची नाकाबंदी आठवते ना, ती स्कोडा अडवली होती ती. गाडी डिव्हायडरला अडकली आणि तुकाराम ओंबळेंच्या हातात फक्त लाठी होती, त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्याच रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर क्वालिसमध्ये होते आणि एके-४७ च्या गोळ्या पत्र्यातून आत गेल्या, मागे बसलेले अरुण जाधव तेवढे वाचले. बाबा तेव्हापासून एकच सांगायचे, गाडीत बसून राहू नका, बाहेर पडून लांब व्हा. तुम्ही बाई धीर धरा, पोरगा घरी आला की त्याला खायला घाला आणि त्याचं ऐका.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, सुभेदार साहेब तुमचा प्रतिसाद मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला बॉनेटचं आम्हाला याच आठवड्यात शिकवलं. आज परत आला होता. परत खडू, परत टॉर्च. ह्या वेळी ह्यांना पण उभं केलं, ते डावीकडून आणि मी समोरून, म्हणजे वळसा घालणारा माणूस कसा दिसतो ते कळावं म्हणून. मी खालून टॉर्च मारला, काही दिसलं नाही. ह्यांनी डावीकडून मारला तर पाठ पूर्ण उजेडात. तो लगेच मागच्या चाकाकडे गेला, मग आम्ही पुन्हा केलं, सात-आठ वेळा.

दारात पॅनेल आहेत का ते तो सोमवारी विचारणार आहे. तोवर कॅलिफोर्नियात कोणी पोलिसात असेल तर सांगा, अशी पॅनेल नसतील तर खात्याकडे मागणी कोणाकडून जाते, युनियनकडून की वरिष्ठांकडून?