सबॅटिकलचं वर्ष: पहिल्या दिवसापासून लिहायला बसावं, की आधी रान पड टाकावं?

पांझराकाठ
मंडळी, येत्या जूनपासून मला एक वर्षाची सबॅटिकल रजा मंजूर झाली आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहयोगी प्राध्यापक म्हणून सात वर्षं झाली की ही रजा मागता येते. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, सगळ्या नोकरीत मिळून दोन, आणि पूर्ण पगारी. आमच्याकडे ती याआधी कुणी मागितलीच नव्हती, त्यामुळे अर्ज कुठल्या नमुन्यात करायचा इथपासून सुरुवात होती.

पुस्तक लिहायचं आहे ते फड पद्धतीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालच्या शेतांचे फड पाडलेले असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पिकं फडाफडांतून फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, देखरेखीला हवालदार. शतकानुशतकं हे गावांनी स्वतः चालवलं. माझ्याकडे बारा वर्षांच्या नोंदी आहेत, मुलाखती आहेत, हाताने काढलेले पाटांचे नकाशे आहेत. पुस्तक मात्र नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सबॅटिकल ही फक्त लिहिण्यासाठी. या वर्षात नवं वाचन नाही, फिल्डवर्क नाही, चर्चासत्रं नाहीत. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास धरले तरी वर्षाचे हजार तास होतात. दिवसाला चारशे शब्द, असे दोनशे दिवस: ऐंशी हजार शब्द. पहिल्या सोमवारी बसायचं आणि उठायचं नाही. ओळखीतल्या दोघांची अशी रजा 'अजून थोडं वाचतो', 'अजून एक गाव बघतो' करत संपलेली मी पाहिली आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला विरोधच ऐकायचा आहे.

रिकामी_वही
मला अजिबात पटत नाही. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मराठी शिकवायचो.

'सबॅटिकल' हा शब्द जिथून आला तिथे सातव्या वर्षी जमीन पेरायची नाही असा दंडक होता. ज्यू परंपरेत ते जमिनीचं विश्रांतीचं वर्ष. हार्वर्डने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी अशी रजा सुरू केली तेव्हा नावासाठी हीच कल्पना उचलली गेली. आपल्याकडेही रान दमलं की पड टाकतातच, म्हणजे न पेरता सोडतात.

आता अनुभव. मी रजेच्या पहिल्याच दिवशी लिहायला बसलो होतो. तीन महिन्यांत चार प्रकरणं झाली. वाचून पाहिली तर ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी द्यायच्या अहवालाच्या भाषेत होती. 'सदर कालखंडात पुढील बाबी निदर्शनास येतात.' प्रत्येक परिच्छेदाला उपशीर्षक, प्रत्येक उपशीर्षकाखाली पाच मुद्दे. वीस वर्षं इतिवृत्तं, प्रस्ताव आणि खुलासे लिहिले, तो हात एका सोमवारी कसा बदलणार? चारही प्रकरणं टाकून दिली. मग दोन महिने काहीच लिहिलं नाही. ज्ञानेश्वरी पहिल्यापासून मोठ्याने वाचली, आईला आलेली जुनी पत्रं वाचली, रोज सकाळी नदीकडे फिरायला गेलो. त्यानंतर जे लिहिलं तेच पुस्तकात राहिलं.

तुमचे चारशे शब्द होतील सर, त्याची मला काळजी नाही. ते कुणाच्या भाषेत होतील याची आहे.

पांझराकाठ
सर, अहवालाच्या भाषेचं म्हणणं लागलं. माझे गेल्या पाच वर्षांतले लेख आत्ता काढून पाहिले. 'निदर्शनास येते' एका लेखात अकरा वेळा आहे.

पण पड टाकलेल्या रानात कुंदा गवतही माजतं, आणि एकदा मुळं खोल गेली की ते काढायला खुरपं पुरत नाही. फड पद्धतीतही पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा सोडतात, पण तो सगळ्यांनी बसून, आधी ठरवून. दोन महिने कधी संपले हे तुम्हाला कळलं. मला कळेल याची खात्री वाटत नाही.

पहाटपाळी
तुमच्या दोघांच्याही मुळाशी एक गोष्ट मान्य करून टाकलेली दिसते: पुस्तकाला रजा लागते. मला हेच मान्य नाही.

मी वाणिज्य शाखेत शिकवते. नऊ वर्षांत दोन पुस्तकं झाली, दोन्ही पहाटे पाच ते सहा या वेळात. परीक्षा, कॅपची (केंद्रीय मूल्यमापनाची) पेपर तपासणी, प्रवेश, एनएसएसचं शिबिर, सगळं चालू असताना. म. म. पां. वा. काणे मुंबईत वकिली करत होते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि काम संपलं १९६२ मध्ये. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं. त्यांना कुणी वर्षभर पगारी रजा दिली होती?

रजेची वाट बघण्यात माणसाची उमेदीची दहा वर्षं जातात हे मी जवळून पाहते. 'सबॅटिकल मिळू दे, मग बघ' हे वाक्य विभागातल्या प्रत्येक खोलीत ऐकू येतं. पांझराकाठ, रागावू नका, पण तुमच्या बारा वर्षांत रोज एक तास नव्हता का?

पांझराकाठ
रागावत नाही, प्रश्न रास्त आहे. तास होता. त्या तासात लेख झाले, सात-आठ. पण पुस्तकाचा प्रश्न वेगळा निघाला. बंधारा, पाट, पीक, जमिनीची मालकी, धरणं आल्यावर नदीत उरलेलं पाणी, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. सकाळी तासभर लिहून नऊच्या लेक्चरला गेलो की दुसऱ्या दिवशी पहिली चाळीस मिनिटं कालचं जुळवण्यात जायची. तुमचा पिंड ते पेलतो, याचा मला आदर आहे. माझा पेलला नाही.

तासिका_तत्त्व
एक बाजू इथे कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो.

नेट-सेट या पात्रता परीक्षा, पीएचडी सगळं आहे. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. तास घेतला तर पैसे. उन्हाळी सुट्टीत, दिवाळीत काही नाही. मागे आमच्या विभागातले एक सर वर्षभराच्या रजेवर गेले. त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नाही. त्यांचे तास उरलेल्यांत वाटले, काही मला आले, अंतर्गत मूल्यमापन आणि प्रकल्पांच्या वह्या बिनपैशाने आल्या. त्या वर्षी माझा स्वतःचा एकच लेख अर्धा लिहून झाला होता, तो अजून अर्धाच आहे. सरांचं पुस्तक चांगलं आहे. मी ते वर्गात वापरतो.

ही रजा कायम प्राध्यापकांना आहे. मला ती कधी मिळणार नाही, कारण तिच्यासाठी आधी जी नोकरी लागते तीच भरली जात नाही. त्यामुळे 'पहिल्या दिवशी लिहायचं की दोन महिने फिरायचं' हे वाचताना घशात काहीतरी अडकतं. मी रजेच्या विरोधात नाही. पण रजेचं सोनं करायचं असेल तर पहिलं काम लिहिणं नव्हे. जाण्याआधी प्राचार्यांकडे बसून आपल्या जागी रीतसर माणूस नेमला जाईल एवढं बघणं, हे पहिलं काम.

पांझराकाठ
तुमचं वाचून दोन दिवस उत्तर देता आलं नाही. खरं सांगतो, माझे तास कुठे जाणार हे मी विचारलंच नव्हतं. 'होईल व्यवस्था' एवढं ऐकून बाहेर आलो होतो. सोमवारी पुन्हा जातो.

दुपारची_खोली
इतिहास शिकवते, दोन वर्षांपूर्वी अशीच रजा घेतली होती. कधी लिहायचं यावर इतकं बोलणं झालं, पण कुठे बसून लिहायचं हे कुणी विचारलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

रजेचा पहिला आठवडा. घरात सगळ्यांना आनंद, की आता मी घरी आहे. सासूबाईंचं फिजिओथेरपीला नेणं माझ्याकडे आलं, कारण 'तू घरीच आहेस'. गॅस सिलिंडरवाला, सोसायटीचा प्लंबर, मुलीच्या शाळेची पालकसभा, नणंदेच्या घरच्या मुंजीची तयारी. कुणीही वाईट वागलं नाही, हे मुद्दाम सांगते. प्रत्येक काम अर्ध्या तासाचं होतं. पण कॉलेजला जाताना दाराबाहेर पडलेली बाई आणि घरात टेबलाशी बसलेली बाई, या दोघींकडे घर सारख्या नजरेने बघत नाही. तीन महिन्यांत माझी बावीस पानं झाली.

चौथ्या महिन्यात मी एका मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटमधली खोली घेतली. सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचं, साडीत, कॉलेजला जाते तसंच. पाचला परत. फोन पर्समध्ये, पर्स दुसऱ्या खोलीत. घरच्यांना एका आठवड्यात सवय झाली. पुस्तकाचा बहुतेक भाग त्या खोलीत झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे कुणीतरी वाट बघणारं हवं. सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत, ते जुनं व्हाइसरॉयचं निवासस्थान, अध्येत्यांना राहून काम करता येतं. तिथे सगळ्यांसमोर आपलं काम मांडावं लागतं आणि मुदत संपताना हस्तलिखित द्यावं लागतं. मी तिथे गेले नव्हते, पण ती शिस्त घरी उभी केली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघी जमायचो, वीस पानं वाचून दाखवायची. शुक्रवारी रात्री कशी लिहून होतात ते बघा.

पांझराकाठ सर, तुम्ही तर धुळ्याजवळचे. राजवाडे संशोधन मंडळात बसायला मिळतंय का विचारा. आणि घरात तुम्ही लिहीत असताना चहा कोण आणून देतं, याचाही एकदा विचार करा. माझ्या वेळी कुणी नव्हतं.

पहाटपाळी
ताई, पहाटे पाचची वेळ मी का निवडली ते तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या तासाला घरात कुणाला माझ्याकडून काही नको असतं.

दूरदेशी_पाटील
मी अमेरिकेत शिकवतो, मूळचा जळगावचा. इथे बऱ्याच विद्यापीठांत एक सत्र पूर्ण पगारी किंवा वर्षभर अर्ध्या पगारी, असे पर्याय असतात. माझ्या दोन रजा झाल्या. पहिली फुकट गेली, दुसरी कामी आली, आणि फरक रजेच्या आधीच्या चार महिन्यांत होता. दुसऱ्या वेळी निघण्याआधी प्रकरणांचा आराखडा तयार होता, मुलाखतींचं टंकलेखन झालेलं होतं, नकाशे स्कॅन करून नावानिशी लावलेले होते. टेबल आवरण्यात रजेचा एक दिवसही गेला नाही.

पण 'फिल्डवर्क नाही' हा नियम मात्र मोडा. लिहिताना भोकं दिसतात, आधी दिसत नाहीत. चौथ्या प्रकरणावर आलात की लक्षात येईल की अमुक पाटकऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तेव्हा दोन दिवस साक्रीकडे, पांझरेच्या वरच्या अंगाला, जाऊन यावंच लागेल. जानेवारीत दहा दिवस आत्ताच राखून ठेवा. आणि परिसंवादाच्या निमंत्रणाला आजच नकार कळवा, 'बघतो' म्हणू नका.

रिकामी_वही
पाटीलसाहेबांचं पटलं. भोकं दिसायलाही आधी भाषा स्वच्छ व्हावी लागते, एवढं मी अजून म्हणेन.

पांझराकाठ
सगळ्यांचं वाचून काय ठरलं ते सांगतो.

प्राचार्यांना भेटलो. माझ्या जागी वर्षभरासाठी नेमणुकीचा प्रस्ताव संस्थेकडे गेला आहे. होईल की नाही सांगता येत नाही, पण लेखी गेला आहे, त्यावर माझी सही आहे. झाला नाही तर रजा एक सत्र पुढे ढकलायची तयारी ठेवली आहे. गावात एका मित्राच्या दुकानावरची खोली घेतली. डबा मी स्वतः भरून नेणार.

सुरुवातीबद्दल माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. दोन महिने नाही, तीन आठवडे. पाऊस लागायच्या आधी बंधारे उघडे असतात, पायथ्याचे दगड आणि चुन्याचे सांधे दिसतात. वरच्या बंधाऱ्यापासून खाली धुळ्यापर्यंत नदीकाठाने चालत जाणार, वही न घेता. जुलैच्या पहिल्या सोमवारी मात्र बसणार. जानेवारीचे दहा दिवस राखले.

रिकामी_वही
वही न घेता, हे उत्तम. एक विचारू? जागल्यांच्या आणि पाटकऱ्यांच्या मुलाखती अहिराणीत आहेत ना? त्या प्रमाण मराठीत आणणार की तशाच ठेवणार?

पांझराकाठ
लेखांमध्ये प्रमाण मराठीत आणल्या होत्या, आणि 'निदर्शनास येते' तिथेच शिरलं होतं. पुस्तकात अहिराणीतच ठेवतो, खाली अर्थ देईन. एका म्हाताऱ्या जागल्याने रात्रीच्या राखणीचं वर्णन केलं आहे, टेपवर पाऊण तास आहे. पहिलं प्रकरण नकाशापासून सुरू करायचं ठरवलं होतं. आता वाटतंय त्याच्यापासून करावं.