'आमचे कुटुंब' म्हणजे नेमके किती जण?

आजीचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलंय. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीचा मजकूर आजोबांनी स्वतः वहीच्या पानावर लिहून दिला: "आमचे कुटुंब कै. सौ. … यांस देवाज्ञा होऊन एक वर्ष झाले. मुला-नातवंडांसाठी त्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या." पेपरच्या ऑफिसात टाइप करणाऱ्या मुलाने ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "सगळेच गेले? अपघात होता का?" मग म्हणे, "खस्ता म्हणजे कचोरीतलं ना?" मला तिथेच हसू फुटलं.

बायकोला 'कुटुंब' म्हणणं अजून कुठे चालतं का? आणि आतेबहीण म्हणते, गेलेल्या बाईला 'सौ.' कसं लावता? जाणकारांनी सांगावं.

---

आमच्या वडिलांच्या तोंडी हाच शब्द. "कुटुंब आजारी आहे, रजा हवी." मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही कुटुंबाचा एक अर्थ बायको असा आहे. 'मंडळी'चंही तेच, "मंडळी माहेरी गेलीत" यातली मंडळी एकटीच असते! चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही, 'बायको' म्हणणं उघडंवाघडं वाटायचं, मग अख्ख्या घराचं नाव तिलाच देऊन मोकळे. संस्कृतात कुटुंबिनी म्हणजे घरधनीण, तेव्हा आजोबा फार लांब गेलेले नाहीत.

खस्ता मात्र कचोरीतलाच हो! फारसी 'खस्ता' म्हणजे मोडलेला, जखमी, थकलेला. हिंदीने त्यातला मोडण्याचा कुरकुरीतपणा घेतला, आपण थकवा घेतला.

---

'कै. सौ.' बरोबर आहे. नवरा हयात असताना गेली, एवढंच ते सांगतं. याला जुना शब्द 'अहेव मरण'. अहेव हे 'अविधवा'चंच झिजलेलं रूप. म्हणून पितृपक्षात अशा बायकांचं श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला करतात. मृत्यूची तिथी कोणतीही असो.

---

बरोबर असेल, पण मला खटकतं. बाई गेली, तरी नावाआधीची अक्षरं नवऱ्याचीच हजेरी घेतात. आजोबा मागे राहिले, त्यांच्या नावाआधी काही बदललं का? 'विधुर' कुणी पत्रिकेत छापत नाही. उलट झालं असतं तर आजी 'गं. भा.' झाली असती. २०२३ मध्ये विधवांसाठी हाच 'गंगाभागीरथी' शब्द सरकारी पातळीवर आणायचं घाटत होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला होता.

नुसतं नाव छापा. खस्ता राहू द्या, त्या तिच्या स्वतःच्या आहेत.

---

सर्वांचे आभार. खस्ता राहतायत. पहाटे चारला उठून आम्हा पाच नातवंडांच्या डब्यांच्या भाकऱ्या थापायची, आणि पहिली बिघडलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवायची. याला दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

'सौ.' काढायचं आजोबांपाशी काढून बघितलं. "ती पन्नास वर्षं तशी सही करायची, तू कोण खोडणार?" विषय संपला.

'कुटुंब'वर मात्र ते उठून कपाटातून रेशनकार्ड घेऊन आले. अन्नसुरक्षा कायदा आल्यापासून कार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, तशी आमच्या कार्डावर आजी आहे. नाव कमी करायचा अर्ज वर्षभर तसाच घडी घालून आत ठेवलेला. "सरकारने तिला कुटुंबप्रमुख केलं तर चालतं, मी नुसतं कुटुंब म्हटलं तर त्या पोराला अपघात दिसतो."

आज प्रूफ आलं. 'कुटुंब'पुढे मुलाने कंसात 'पत्नी' घातलं होतं. आजोबांनी लाल पेनाने खोडलं.