मदत हवी आहे: मेनू माझ्याकडे चालतो, काही जणांकडे उघडतच नाही

नमस्कार मंडळी,

आठ दिवस झाले एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. साइट साधी आहे, एचटीएमएल, सीएसएस आणि हाताने लिहिलेली एक जावास्क्रिप्ट फाइल, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. मोठ्या स्क्रीनवर वर आडवा मेनू आणि त्याखाली उपमेनू, मोबाइलवर तीन रेघांचं बटण. माझ्याकडे क्रोम, फायरफॉक्स, माझा अँड्रॉइड फोन, सगळीकडे नीट चालतं.

पण तीन जणांनी वेगवेगळं कळवलंय. एकाकडे आयफोन ६ आहे, तीन रेघा दिसतात पण दाबून काहीच होत नाही, त्याने क्रोम टाकून पाहिलं तरी तेच. दुसऱ्याचा टचस्क्रीन लॅपटॉप आहे, माउसने उपमेनू छान उघडतो पण बोटाने दाबला की क्षणभर दिसतो आणि लगेच मिटतो. होव्हरचा, म्हणजे माउस नुसता वर नेल्यावर उपमेनू उघडण्याचा, कोड मी होव्हर असेल तरच चालावा अशा मीडिया क्वेरीच्या (उपकरण कसं आहे ते तपासणाऱ्या सीएसएसच्या) अटीत टाकलाय, तरी हे का होतंय कळत नाही. तिसऱ्या बाईंना माउस धरता येत नाही, त्या फक्त कीबोर्डवर काम करतात, टॅब दाबत गेलं की उपमेनू वगळून थेट पुढच्या लिंकवर उडी जाते. हे वाचून खूप वाईट वाटलं कारण खरी माहिती सगळी त्या उपमेनूतच आहे.

कॅशे साफ करून झालं, अ‍ॅड ब्लॉकर बंद करून झालं. एकच कारण असेल की तीन वेगळी? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

तीन वेगळी आहेत, एकत्र शोधू नका.

आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि त्यावर क्रोम टाकलं तरी आतलं इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट, त्यामुळे ब्राउझर बदलून फरक पडणार नाही. कोडमध्ये ऑप्शनल चेनिंग, म्हणजे ते प्रश्नचिन्ह आणि टिंब (?.), जावास्क्रिप्टमधली नवी लिहिण्याची पद्धत, वापरलंय का बघा. आयफोनच्या सफारीत ते आयओएस १३.४ पासून, २०२० मध्ये आलं. जुन्या ब्राउझरला एका जागी सिंटॅक्स कळलं नाही की तो अख्खी फाइलच सोडून देतो, मग बटणाला क्लिक जोडणारी ओळ कितीही साधी असली तरी चालत नाही. फाइल बाबेलमधून, म्हणजे नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करून देणाऱ्या साधनातून, फिरवून घ्या.

लॅपटॉपचं म्हणाल तर ती मीडिया क्वेरी फक्त मुख्य इनपुटचं सांगते, आणि तिथे मुख्य इनपुट माउस किंवा टचपॅड असल्याने उत्तर 'होव्हर आहे' असंच येतं. बोट टेकलं की ब्राउझर आधी माउसएंटर, म्हणजे माउस वर आल्याची सूचना, पाठवतो आणि मग क्लिक. तुमचा माउसएंटर मेनू उघडतो आणि क्लिकचा टॉगल (उघडं असेल तर मिटवणारा कोड) तोच मेनू बंद करतो, असंच असणार. त्याऐवजी पॉइंटरएंटर ही सूचना वापरा, तिच्यातला पॉइंटरटाइप माउस आहे की बोट ते सांगतो, आणि तो माउस असेल तरच होव्हरने उघडा.

धागाकर्ता

खूप खूप आभार! ऑप्शनल चेनिंग दोन ठिकाणी होतं, दोन्ही काढली, आयफोनवाल्याने आत्ताच सांगितलं की चालतंय. लॅपटॉपवरही बोटाने मेनू उघडा राहतोय. कीबोर्डचं मात्र अजून अडलंय, उपमेनू सीएसएसमध्ये डिस्प्ले नन, म्हणजे पूर्ण लपवलेला, आहे आणि होव्हरवर ब्लॉक, म्हणजे दिसता, होतो.

प्रतिसाद २

डिस्प्ले नन असलेल्या लिंकवर फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, जातच नाही म्हणून टॅब पुढे पळतो. वरच्या प्रत्येक नावाशेजारी खरं बटण द्या, डिव्हला (नुसत्या साध्या चौकटीला) क्लिक लावू नका, बटणाला एंटर आणि स्पेस आपोआप मिळतात. उघडबंद करताना एरिया एक्सपांडेड (aria-expanded) या, मेनू उघडा आहे की मिटलेला ते सांगणाऱ्या, गुणधर्माची किंमत ट्रू-फॉल्स बदलत राहा म्हणजे स्क्रीन रीडरलाही कळेल, आणि एस्केप दाबल्यावर मेनू मिटून फोकस त्याच बटणावर परत येऊ द्या. नुसतं फोकस विदिन, म्हणजे आत फोकस आला की सीएसएसनेच उपमेनू उघडणं, लावून भागवू नका, टॅब करणाऱ्याला मग प्रत्येक उपमेनूतली एकूण एक लिंक पार करत जावं लागतं.

धागाकर्ता

आज रात्री बटणं लावतो आणि उद्या त्या बाईंनाच तपासायला सांगतो, त्यांनी हो म्हटल्यावरच धाग्यावर 'सुटलं' लिहीन.